रिकाम्या पुंगळीची साक्ष



तुमच्यापैकी काही जण एन.सी.सी.मध्ये असतील आणि गोळीबाराच्या मैदानावर जाऊनही आले असतील. आमच्या महाविद्यालयाच्या छात्रांबरोबर एकदा मीही गेलो होतो. मुले-मुली जमिनीवर पालथी झोपून ०.२२ इंची रायफलीने नेम धरीत होती. एक गोळी सुटली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, पितळेची रिकामी पुंगळी टुणकन बाहेर उडायची, मग पुढचे काडतूस भरायचे. शेवटी सगळ्या पुंगळ्या गोळा करून मोजल्या गेल्या. दिलेली काडतुसे आणि परत आलेल्या पुंगळ्या यांचा हिशेब जुळलाच पाहिजे, असा तिथला नियम असतो.

परत येताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, बोल्ट ओढला की पुंगळी इतकी सहज येते. मग आपोआप भरणाऱ्या रायफलीत पुंगळी अडकते म्हणतात, ती का अडकावी? तिथे तर माणसाच्या हातापेक्षा कितीतरी मोठे बळ काम करीत असते!"

प्रश्न अगदी योग्य होता. तिला मी त्या वेळी अर्धेच उत्तर दिले. पुरते उत्तर द्यायचे तर दाब, घर्षण, स्थितिस्थापकता आणि संवेग हे तुमच्या पाठ्यपुस्तकातले चार धडे एकत्र घ्यावे लागतात. शिवाय एक खरी घडलेली गोष्ट सांगावी लागते. त्या गोष्टीत एक चूक वेळेवर न सापडल्यामुळे माणसे प्राणास मुकली.

काडतुसाचे पोट

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी. मागे पितळेची पुंगळी. पुंगळीच्या पोटात दारू, म्हणजे झपाट्याने जळणारे रसायन. आणि पुंगळीच्या बुडाशी आघाताने पेटणारी छोटी टोपी. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बरोबर मावेल अशी पोकळी असते, तिला चेंबर म्हणतात. चेंबरचे मागचे तोंड बोल्ट बंद करतो.

चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते आणि तिचा तप्त वायू होतो. हा दाब किती असतो? ज्या रायफलीची गोष्ट पुढे सांगणार आहे, तिच्या काडतुसात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३,६०० किलोग्रॅमपर्यंत चढतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमध्ये तो सुमारे १ किलोग्रॅम असतो! बोटाच्या नखाएवढ्या जागेवर साडेतीन टन वजन ठेवले तर जे होईल, ते पुंगळीच्या आत होते.

एवढ्या दाबाखाली पितळेची पातळ भिंत फुगते आणि चेंबरच्या पोलादी भिंतीला सर्व बाजूंनी घट्ट चिकटते. हे फुगणे दोष नाही, ते हवेच असते. त्यामुळे वायूला मागे निसटायला फटच उरत नाही आणि नेमबाजाचा चेहरा वाचतो. गोळी नळीबाहेर पडली की दाब झपाट्याने उतरतो. पितळ स्थितिस्थापक असल्यामुळे पुंगळी पुन्हा किंचित आकसते. हे आकसणे मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकेच, पण तेवढ्याने ती चेंबरमध्ये सैल होते. यासाठी ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. ते न फाटता ताणले जाते आणि दाब गेला की थोडे मागेही येते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. हाताने बोल्ट उघडणारा छात्र गोळी सुटल्यावर सेकंद-दोन सेकंदांनी हात हलवतो. तोपर्यंत दाब केव्हाच शून्यावर आलेला असतो आणि पुंगळी सैल झालेली असते. आपोआप भरणाऱ्या रायफलीला एवढी उसंत नसते.

ओढणे वेगळे, फेकणे वेगळे

अशा रायफलीत नळीच्या पुढच्या भागात एक बारीक भोक असते. गोळी त्याच्या पुढे गेली की मागचा थोडा वायू त्या भोकातून शिरतो. हाच वायू बोल्टची यंत्रणा मागे ढकलतो. बोल्ट प्रथम कुलूप उघडतो. मग त्याला जोडलेला छोटा आकडा पुंगळीच्या बुडाची कड धरून तिला मागे ओढतो. पुंगळी पूर्ण बाहेर आली की दुसऱ्या बाजूची खुंटी तिला धक्का देते आणि ती खिडकीतून बाहेर फेकली जाते. बोल्ट तसाच मागे जाऊन स्प्रिंग दाबतो, आणि स्प्रिंग त्याला पुढे ढकलते तेव्हा तो जाताजाता नवे काडतूस चेंबरमध्ये सरकवतो. हे सगळे चक्र एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पुरे होते.

"पुंगळी बाहेर येत नाही" या एकाच वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात, हे इथे लक्षात ठेवा. पुंगळी चेंबरमधून निघाली, पण खिडकीबाहेर पडली नाही, ही एक. ती चेंबरमधून निघालीच नाही, ही दुसरी. पहिलीत संशय खुंटीवर, तिच्या स्प्रिंगवर किंवा बोल्टच्या मंद गतीवर जातो. दुसरीत तो आकड्यावर, चेंबरच्या भिंतीवर आणि उरलेल्या दाबावर जातो. जाणकार कारागीर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नेमके काय झाले ते आधी पाहतो. पुंगळ्या रोजच्यापेक्षा दूर आणि जोरात उडत असतील, तर बोल्ट फार वेगाने चालला आहे. जवळच लोळत पडत असतील, तर वायू कमी पडतो आहे किंवा मळाने घर्षण वाढले आहे. पुंगळीच्या अंगावर उभे ओरखडे असतील, तर चेंबरची भिंत खडबडीत आहे. बुडाची कड तुटली असेल, तर आकड्याने जोर लावला, पण पुंगळीने जागा सोडली नाही. जमिनीवर पडलेली पुंगळी अशी साक्ष देते. ती ऐकून घेणारा मात्र हवा.

कुकरचे झाकण आणि एक हिशेब

काही कुकरचे झाकण आतल्या बाजूने बसते. वाफ कोंडलेली असताना ते काही केल्या सरकत नाही, कारण वाफच त्याला काठावर दाबून धरते. दाब उतरला की तेच झाकण एका बोटाने निघते. पुंगळीचेही तसेच आहे.

थोडा हिशेब करू. सोयीसाठी पुंगळीची भिंत अगदी मऊ आहे आणि आतला सगळा दाब चेंबरच्या भिंतीवर पोचतो असे धरू. पुंगळीचा व्यास सुमारे ०.९५ सेंमी. आणि भिंतीला चिकटणारी लांबी सुमारे ३.५ सेंमी. घेतली, तर बाजूचे क्षेत्रफळ

३.१४ × ०.९५ × ३.५ = सुमारे १०.४ चौ. सेंमी.

कुलूप उघडताना चौ. सेंमी.ला ३० किलोग्रॅम दाब अजून शिल्लक आहे असे समजा. मग पुंगळी भिंतीवर एकूण सुमारे ३१० किलोग्रॅम जोराने दाबलेली असेल. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर तिला सरकवायला सुमारे ६२ किलोग्रॅम बळ लागेल. वायू तिला मागेही ढकलीत असतो हे खरे, पण पुंगळीच्या पोटाचा आडवा छेद जेमतेम ०.६ चौ. सेंमी. असल्याने ही मदत सुमारे १८ किलोग्रॅमचीच होते. उरलेले ४४ किलोग्रॅम त्या छोट्या आकड्याने, पितळेच्या चिमुकल्या कडेला धरून ओढायचे!

दाब शून्य असेल तर हे बळ जवळजवळ काहीच लागत नाही. दाब दुप्पट असेल तर ते दुप्पट होते. म्हणजे अधिक जोराने आणि अधिक लवकर ओढणारी यंत्रणा पुंगळी सोडवत नाही, उलट ती अधिक अडकवते. त्या विद्यार्थिनीला चकवणारी गोष्ट नेमकी हीच होती.

*करून पाहा:* वर्तमानपत्राची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. हातात धरण्याच्या टोकाजवळ तिला एक छोटी चीर द्या. पट्टी दोन पुस्तकांमध्ये ठेवून हळूच ओढा, ती सरकत बाहेर येईल. आता वर पाण्याने भरलेली बादली ठेवून ओढा. पट्टी जागची हलणार नाही आणि चिरेपाशी फाटेल. तुमचा हात म्हणजे आकडा, चीर म्हणजे पुंगळीची कड आणि बादली म्हणजे उरलेला दाब. बादलीऐवजी पुस्तकांच्या आत पॉलिश कागद लावूनही पाहा. तो म्हणजे गंजलेले चेंबर.

व्हिएतनाममधील रायफल

आता ती गोष्ट सांगतो. यूजीन स्टोनर या अमेरिकन अभियंत्याने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एआर-१५ ही हलकी रायफल तयार केली. अमेरिकेच्या सैन्यात ती एम-१६ या नावाने गेली. गोळी ५.५६ मिमी. व्यासाची, लहानशी, पण सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने जाणारी. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. कळ फिरवली तर गोळ्या सतत सुटतात. सुरुवातीच्या चाचण्यांत ही रायफल चांगली ठरली. नोव्हेंबर १९६५ मध्ये व्हिएतनामच्या इया द्रांग खोऱ्यातील लढाईनंतरही तिची स्तुती झाली आणि हजारो रायफली तिकडे रवाना झाल्या.

पुढच्या दीड वर्षात तक्रारींचा पाऊस सुरू झाला. सर्वांत वाईट तक्रार होती ती आपल्या ओळखीचीच: पुंगळी चेंबरमध्ये अडकते. आकडा कड तोडून रिकामा परत येतो आणि बोल्ट मागून दुसरे काडतूस आणून भिडवतो. मग नळी साफ करण्याची सळई पुढून खुपसून पुंगळी ठोकून काढायची, एवढाच मार्ग उरायचा. बंदुका शंभर वर्षे मागे गेल्या होत्या! शिवाय सळई प्रत्येकाजवळ असेलच असेही नव्हते. १९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हजवळच्या टेकड्यांवर घनघोर लढाई झाली. त्या लढाईतील एका मरीन सैनिकाचे घरी लिहिलेले पत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. आमच्या बहुतेक मृत सोबत्यांच्या शेजारी त्यांच्या रायफली खोललेल्या अवस्थेत सापडल्या, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. म्हणजे शत्रू समोर असताना ती मुले पुंगळी काढण्यात गुंतली होती. त्यांतली कित्येक तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असतील.

प्रतिनिधिगृहाने १९६७ मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा अहवाल आला आणि त्यात लष्करी व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला गेला.

दोष कुठे होता?

पहिला संशय साहजिकच आकड्यावर आला. तो कड तोडत होता ना! पण आकडा पूर्वीचाच होता आणि पूर्वी तो काम चोख करीत होता. सैनिक रायफल साफ करीत नाहीत, असेही म्हटले गेले. त्यात थोडे तथ्य होते. पण ही रायफल फारशी सफाई मागत नाही असा समज पसरवला गेला होता आणि सफाईचे साहित्यही पुरेसे दिलेले नव्हते. मग सैनिकाला दोष कसा द्यायचा?

शोध घेत गेल्यावर मुख्य कारणे दोन निघाली. दोन्ही आकड्यापासून दूर होती.

पहिले कारण दारूचे. स्टोनर यांनी रायफल जुळवली ती बारीक नळकांड्यांसारख्या दाण्यांच्या दारूवर. ठरलेला वेग आणि दाबाची ठरलेली मर्यादा ही दोन्ही मोठ्या उत्पादनात सांभाळणे त्या दारूला जमेना. म्हणून १९६४ मध्ये गोल दाण्यांच्या दुसऱ्या दारूला मान्यता मिळाली. ती वाईट नव्हती. दुसऱ्या काडतुसांत ती आधीपासून वापरात होती. गोळीचा वेग हवा तेवढा येत होता आणि चेंबरमधला कमाल दाबही मर्यादेत होता. कागदावर सर्व ठीक.

पण दाब किती चढतो एवढेच पाहून भागत नाही, तो कोणत्या क्षणी किती असतो हेही पाहावे लागते. नवी दारू जरा सावकाश जळायची. त्यामुळे गोळी नळीच्या पुढच्या भोकापाशी पोचते त्या क्षणी तिथला दाब पूर्वीपेक्षा अधिक असायचा. बोल्टला मिळणारा धक्का वाढला. मिनिटाला ८०० च्या आसपास असलेली चक्रे १,००० च्या दिशेने चढली. म्हणजे एका चक्राचा वेळ ०.०७५ सेकंदावरून ०.०६ सेकंदाकडे आला. कुलूप लवकर उघडू लागले आणि आकडा घट्ट बसलेली पुंगळी ओढू लागला. शिवाय या दारूत उरलेले आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीतला पदार्थ, मिसळलेले होते. त्याचा थर वायूच्या बारीक नळीत साचू लागला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नव्या दारूने रायफल ठरलेल्या मर्यादेपेक्षा जलद चालते, हे कारखान्यातल्या चाचणीत दिसले होते. त्यावर स्वीकृतीच्या चाचण्यांसाठी वेगळ्या दारूची काडतुसे वापरण्याची मुभा देण्यात आली. रायफली उत्तीर्ण झाल्या! एका प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घ्यायची आणि काम दुसऱ्याच विषयाचे सोपवायचे, तसा हा प्रकार झाला.

दुसरे कारण गंजाचे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर अमेरिकन सैन्याला गंजाचा अनुभव आलेला होता. त्यामुळे आधीच्या एम-१४ रायफलीच्या चेंबरला क्रोमियमचा मुलामा होता. एम-१६ ला तो दिलाच नव्हता. व्हिएतनामचा पाऊस कोकणातल्या पावसासारखा. चेंबरच्या पोलादावर गंजाचे बारीक खड्डे पडू लागले. प्रचंड दाबाखाली मऊ पितळ त्या खड्ड्यांत दाबले जायचे. मग पुंगळी नुसती चिकटलेली राहत नसे, ती जागोजाग रुतून बसे.

दोन्ही कारणे एकत्र आली तेव्हा सर्वांत दुबळा दुवा तुटला. तो दुवा म्हणजे पुंगळीची कड. दोष दिसला कडेवर, पण जन्मला दारूच्या निवडीत आणि न दिलेल्या मुलाम्यात.

उपाय

मग एकेक उपाय झाला. स्प्रिंगपुढचा बफर अधिक वजनदार केला गेला. वायूकडून मिळणारा संवेग तेवढाच असेल, तर वस्तुमान वाढल्यावर वेग कमी होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बोल्टची घाई त्यामुळे आवरली. १९६७ पासून चेंबरला क्रोमियमचा मुलामा मिळू लागला. तो कठीण, गुळगुळीत आणि न गंजणारा. सफाईचे साहित्य आणि शिक्षण मिळाले. १९६८ मध्ये तर प्रसिद्ध चित्रकार विल आइस्नर यांनी सजवलेली चित्रमय पुस्तिका सैनिकांच्या हाती दिली गेली. दारूतले कॅल्शियम कार्बोनेटही पुढे कमी करण्यात आले. तीच रायफल मग भरवशाची ठरली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या कितीतरी दशके वापरात राहिल्या. आकडा मात्र मुळात गुन्हेगार नव्हताच.

तुमच्या सायकलची साखळी

तुम्ही म्हणाल, आम्हाला रायफलींशी काय करायचे आहे? खरे आहे, आणि तुमच्यावर कधी तशी वेळ येऊही नये. पण बिघाड शोधण्याची रीत सगळीकडे एकच असते.

काही वर्षांपूर्वी माझ्या सायकलची साखळी झिजली म्हणून मी नवी कोरी घातली. चढावर पायडल दाबले की ती फ्रीव्हीलवरून उड्या मारू लागली. साखळी सदोष आहे असे समजून मी ती बदलून आणली, तरी उड्या चालूच! शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी फ्रीव्हीलच्या दात्यांवरून बोट फिरवून सांगितले, "मास्तर, साखळी चांगली आहे. दाते जुन्या साखळीबरोबर झिजलेत. नवी साखळी त्यांच्यावर बसणार कशी?" चांगली साखळी आणि जुने दाते यांची जोडीच जमत नव्हती. दारू आणि रायफल यांचे नेमके हेच झाले होते. पदार्थविज्ञान मी शिकवतो, पण त्या दिवशी धडा काकांनी घेतला.

तेव्हा घरातला पंखा, शाळेतला पंप किंवा प्रयोगशाळेतले उपकरण बिघडले, तर पहिला स्क्रू फिरवण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहा. नेमके काय होते आहे? कामाच्या कोणत्या टप्प्यावर होते आहे? पूर्वी ठीक चालत होते, तर मध्यंतरी काय बदलले? आणि ज्या स्थितीत ते वापरायचे आहे, त्याच स्थितीत मी त्याची परीक्षा घेतली आहे का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते पुन्हा लिहा.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १९६४ ते १९६६ या काळात तो ज्यांनी विचारायला हवा होता, त्यांनी तो टाळला, आणि त्याचे उत्तर हजारो मैलांवर चिखलात पडलेल्या मुलांना द्यावे लागले. तुमच्यातले काही जण उद्या अभियंते होतील, काही तपासनीस होतील. ठरलेल्या आकड्यात बसत नाही म्हणून परीक्षाच सोपी करण्याचा मोह तुमच्यासमोरही येईल. त्या वेळी कड तुटलेली एक पितळी पुंगळी आठवा.

एखादे बिघडलेले यंत्र तुम्ही या रीतीने दुरुस्त केलेत, तर वहीतल्या त्या चार ओळी तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना जरूर दाखवा. त्यांना परीक्षेतल्या गुणांइतकाच आनंद होईल.